कोकणच्या खाड्या आणि शिडाची गलबते

डहाणूपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेल्या सुमारे ७२० किलोमीटर लांबीच्या कोकण किनाऱ्यावर वाफेची जहाजे येण्यापूर्वी ज्या शिडाच्या नौका वावरत होत्या, त्यांची नावे बखरींत, राजनीतीच्या ग्रंथांत, युरोपीय वखारींच्या पत्रांत आणि पुढे इंग्रजी अमलातील गॅझेटियरांत विखुरलेली आढळतात. गुराब, गलबत, शिबाड, मचवा, पडाव, तरांडे, फत्तेमारी, कोटिया, पाल, होडी अशी ही नावे एकापुढे एक वाचली, की ती केवळ लहानमोठेपणाची उतरंड असावी असा समज होतो. हा समज अपुरा आहे. नौकेचा प्रकार ओळखताना तिचा तळ किती पाण्यात चालतो, तिच्यावर कोणत्या आकाराचे शीड चढते आणि ती कोणत्या कामासाठी बांधलेली आहे, या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात, आणि या तिन्ही गोष्टी कोकणात तरी तेथील खाड्यांनी, वाऱ्यांनी आणि बाजारपेठांनी ठरवून दिलेल्या होत्या. मराठ्यांच्या आरमाराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टींचा उलगडाही याच तीन गोष्टींतून होतो.

सह्याद्री समुद्रापासून फार दूर नसल्यामुळे कोकणातील नद्या आखूड आहेत, परंतु त्यांच्या मुखांत भरतीचे पाणी बरेच आतपर्यंत शिरते. उल्हास नदीतून कल्याणपर्यंत, अंबा नदीतून नागोठण्यापर्यंत, बाणकोटच्या खाडीतून महाडच्या दिशेने, दाभोळहून वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत, जयगडहून शास्त्री नदीतून संगमेश्वराकडे, जैतापूरहून राजापूरकडे आणि विजयदुर्गाहून खारेपाटणकडे असे जलमार्ग शतकानुशतके चालू होते. घाटावरून बैलांच्या तांड्यांनी उतरणारा माल ज्या पेठेत येई, तिथपर्यंत नौकेला पोहोचता आले तरच व्यापार फायद्याचा होई. या खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे साचत, आत गाळाची पात्रे असत आणि ओहोटीच्या वेळी पुष्कळ ठिकाणी पाणी कमरेइतकेही उरत नसे. मुंबईच्या आसपास उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला पाणी चार मीटरांहूनही अधिक चढते, तर गोव्याच्या बाजूला हा चढउतार त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. अशा किनाऱ्यावर ज्या नौकेचा तळ उथळ असेल, जी ओहोटीत चिखलावर टेकली तरी कलंडणार वा फुटणार नाही आणि पुढच्या भरतीला पुन्हा तरंगेल, तीच नौका उपयोगी ठरते.

दुसरा निर्णायक घटक वाऱ्याचा होता. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असे, तेव्हा बंदरे बंद होत, नौका किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू पुन्हा खुला होई. उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत किनाऱ्यालगत दिवसाच्या प्रहरांनुसार वारा पालटे. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे वाहत, तर दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे सुटत. तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, पहाटेच्या मतलईवर नौका बाहेर काढी आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर तिला पुन्हा किनाऱ्याच्या जवळ आणी. अशा नागमोडी मार्गाने वायव्येकडून वारा असतानाही उत्तरेकडे सरकता येत असे. या प्रवासाला मागून येणाऱ्या वाऱ्यावरच चालणारी नौका निरुपयोगी होती. आडव्या वाऱ्याचाही लाभ घेणारे शीड तिला हवे होते.

शिडांचे ढोबळ मानाने दोन प्रकार होतात. चौकोनी शीड डोलकाठीला आडव्या बांधलेल्या काठीवरून खाली सोडलेले असते आणि वारा पाठीमागून येत असेल तेव्हा ते सर्वांत अधिक ओढ देते. युरोपीय जहाजांच्या उंच डोलकाठ्यांवर अशी अनेक शिडे एकावर एक चढवलेली असत आणि महासागरातील दीर्घ प्रवासाला, जेथे एकाच दिशेचा वारा आठवडेच्या आठवडे लाभतो, ती योग्यच होती. कोकणातील आणि एकंदर अरबी समुद्रातील नौकांवर मात्र त्रिकोणी, किंवा पुढचा कोपरा किंचित छाटलेले जवळजवळ त्रिकोणी शीड असे. ते ज्या लांब तिरप्या काठीला बांधतात तिला परबाण म्हणतात. परबाणाचे एक टोक नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे, खाली उतरते आणि दुसरे टोक डोलकाठीपेक्षाही उंच जाते. अशा शिडाने नौकेला वाऱ्याच्या बरेच जवळ तोंड करून चालता येते, परंतु दिशा पालटताना ते अवजड परबाण डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवावे लागते आणि त्यासाठी अनुभवी खलाशी पुरेशा संख्येने लागतात. कोकणातील अनेक नौकांची डोलकाठी सरळ उभी नसून पुढे झुकलेली असे, त्यामुळे परबाण डोलकाठीपासून मोकळे राहून त्याची हालचाल सोपी होई. मोठ्या नौकांवर मुख्य डोलकाठीच्या मागे आणखी एक लहान डोलकाठी उभारत आणि तिच्यावरील शिडाला कलमी म्हणत. हे लहान शीड नौकेचा तोल आणि रोख सांभाळण्यास सुकाणूला साहाय्य करी.

नौकेच्या बांधणीचा आरंभ पठाणापासून होतो. पठाण म्हणजे तळाशी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणारे मुख्य लाकूड, ज्यावर वाक, म्हणजे फासळ्यांसारखी वक्र लाकडे, आणि त्यांवर फळ्या बसवल्या जातात. मचवा आणि फत्तेमारी या प्रकारांत हे पठाण मध्यभागी किंचित वर उचललेले आणि नाळेकडे खोल असे, त्यामुळे तळ एकंदरीत उथळ असूनही नौकेचा पुढचा भाग पाण्याला धरून राही आणि आडव्या वाऱ्याने ती बाजूला घसरण्याचे प्रमाण कमी होई. लाकडांत साग सर्वश्रेष्ठ मानला जाई, कारण तो खाऱ्या पाण्यात टिकतो आणि त्यातील तेलामुळे लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. पोर्तुगीज येण्यापूर्वी अरबी समुद्रातील पुष्कळ नौकांच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. सोळाव्या शतकापासून तोफांचा भार आणि त्यांचा धक्का सोसण्यासाठी लोखंडी खिळ्यांची बांधणी अधिकाधिक रूढ झाली. फळ्यांच्या सांध्यांत कापूस व राळ भरून ते पाणबंद करीत आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून तळाला चुना आणि तेल किंवा चरबी यांचा लेप देत. हा लेप दर हंगामी नव्याने द्यावा लागे, आणि त्यासाठीही नौका ओहोटीच्या वेळी वाळूवर टेकवता येणे आवश्यक होते.

ही सारी पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे प्रकारांची मांडणी स्पष्ट होते. सर्वांत लहान ती होडी, जी वल्ह्यांनी किंवा एका छोट्या शिडाने चाले आणि खाडी ओलांडण्यास, किनाऱ्यालगत मासे धरण्यास वा मोठ्या नौकेवर माणसे पोहोचवण्यास उपयोगी पडे. रत्नागिरीच्या दक्षिणेस आणि विशेषतः मालवणच्या बाजूला अरुंद होडीला एका अंगाने उलांडी जोडत. उलांडी म्हणजे दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा ओंडका, ज्यामुळे सडपातळ नौकाही लाटेत उलटत नाही. पडाव ही मालाची चढउतार करणारी रुंद नौका होती आणि खोल पाण्यात उभ्या राहिलेल्या जहाजापासून उथळ धक्क्यापर्यंत माल नेणे हे तिचे मुख्य काम होते. मचवा याहून अधिक बहुगुणी होता. बहुधा पूर्ण तक्तपोशी, म्हणजे वरचा लाकडी मजला, नसलेली ही उघडी नौका मासेमारी, मालवाहतूक आणि उतारूंची ने-आण या तिन्ही कामांना चाले. पालघर किनाऱ्यावरील सातपाटीच्या कोळ्यांचा मचवा तर भर समुद्रात डोल जाळी लावून राहण्याच्या त्याच्या क्षमतेमुळे विसाव्या शतकातील मत्स्यशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला.

व्यापारी नौकांचा आकार खंडीत मोजला जाई. मुंबईची खंडी वीस मणांची, म्हणजे ५६० पौंडांची असल्याने चार खंड्यांचा एक टन होतो. मात्र खंडीचे माप बंदरागणिक आणि मालागणिक वेगळे असल्यामुळे जुन्या कागदांतील आकड्यांचे रूपांतर करताना सावधगिरी आवश्यक ठरते. या वर्गातील शिबाड ही मोठी मालवाहू नौका होती, जी युद्धकाळात रसद आणि माणसे नेण्यासाठी आरमाराबरोबर जाई. फत्तेमारी हा प्रकार मुंबई, कोकण, गोवा आणि मलबार यांना जोडणारा होता. जॉन एडी या इंग्रज जहाजबांधणी अधिकाऱ्याने १८३४ साली प्रसिद्ध केलेल्या वर्णनात मोठ्या फत्तेमारीची लांबी सुमारे ७६ फूट, रुंदी सुमारे २१ फूट आणि वाहनशक्ती २०० टनांच्या जवळ दिली आहे, तर लहान फत्तेमारी एका डोलकाठीची आणि ६० टनांच्या आसपासची असे. तांदूळ, नारळ, मीठ, सुपारी, इमारती लाकूड आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगलोरी कौले ही मालाची यादी पाहिली तर मुंबई शहराच्या अन्नाचा आणि छपरांचा किती मोठा भाग या शिडांनी वाहून आणला, हे लक्षात येते. कोटिया ही याहूनही लांबच्या प्रवासाची, प्रामुख्याने कच्छ-काठेवाडच्या खलाशांची नौका होती. इराणचे आखात आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा गाठण्यासाठी तिचा तळ खोल, बाजू उंच आणि मागचा भाग प्रशस्त बांधलेला असे.

युद्धनौकांचा इतिहास या व्यापारी परंपरेतूनच निघतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज चितारलेले आहे, परंतु कोकणातील सागरी युद्धाचा थेट पुरावा बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर, म्हणजे वीरांच्या स्मारकशिलांवर, सापडतो, जेथे वल्ह्यांच्या लांब नौकांची रांग आणि त्यांतून लढणारे योद्धे कोरलेले आहेत. शिलाहार राजवटीच्या अखेरच्या काळातील संघर्षाशी या शिल्पांचा संबंध जोडण्यात येतो. वाऱ्यावर अवलंबून न राहता वल्ह्यांनी शत्रूला गाठणे ही कल्पना या किनाऱ्यावर किती जुनी आहे, याची ती साक्ष होय.

ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी सुरू केली. १६५९ च्या सुमारास कल्याण, भिवंडी आणि पनवेलच्या परिसरात त्यांच्यासाठी सुमारे वीस युद्धनौका बांधल्या जात होत्या आणि त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर नेमलेला होता, असे पोर्तुगीज कागदपत्रांवरून दिसते. पोर्तुगीज सत्तेच्या दबावाने व्हिएगस आणि त्याचे सोबती निघून गेले, तरी काम थांबले नाही, कारण खाडीकाठच्या सुतारांची परंपरा मुळातच समर्थ होती. फेब्रुवारी १६६५ मधील बसरूरच्या स्वारीत महाराजांबरोबर ८५ लहान युद्धनौका आणि तीन मोठी जहाजे होती, अशी नोंद इंग्रजी कागदपत्रांच्या आधारे ग्रँट डफ या इतिहासकाराने दिली आहे, आणि त्या लहान नौका ३० ते १५० टनांच्या, एका डोलकाठीच्या होत्या असेही तो सांगतो. लहान नौकांकडे असलेला हा कल केवळ साधनांच्या अभावाचा परिणाम नव्हता, हे १६७९ साली खांदेरीच्या प्रसंगात दिसून आले. थळच्या किनाऱ्यासमोरील या बेटावर मराठ्यांनी तटबंदी उभारण्यास सुरुवात करताच इंग्रजांनी ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज आणि भाड्याने घेतलेली शिबाडे व मचवे पाठवून वेढा घातला, परंतु मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून रसद पोहोचवीत राहिल्या. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी झालेल्या लढाईत मराठ्यांनी इंग्रजांची ‘डोव्हर’ ही गुराब पकडली, आणि ‘रिव्हेंज’ने पाठलाग केला तेव्हा मराठी नौका नागोठण्याच्या खाडीत शिरल्या, जेथे खोल तळाच्या जहाजाला मागे जाणे शक्य नव्हते.

पुढे मराठी आरमाराचे नेतृत्व करणाऱ्या आंग्रे घराण्याच्या काळात गुराब आणि गलबत ही जोडी परिपूर्ण झाली. रॉबर्ट ऑर्म या इतिहासकाराने १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या दोन्ही नौकांचे बारकाईने वर्णन केले आहे. त्यानुसार गुराब बहुधा दोन डोलकाठ्यांची आणि १५० टनांपर्यंतची असे, तीन डोलकाठ्यांची असल्यास ती ३०० टनांपर्यंत जाई. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद असल्याने अगदी थोड्या पाण्यात तरंगे. तिची नाळ पुढे चोचीसारखी निमुळती काढलेली असे आणि समोरच्या लाटेत ती जोरात बुडत-उसळत असल्याने त्या भागाला कठडा ठेवत नसत, म्हणजे वर आलेले पाणी आपोआप वाहून जाई. या नाळेच्या मागे नऊ ते बारा पौंडी गोळे फेकणाऱ्या दोन तोफा थेट समोर रोखलेल्या असत आणि दोन्ही बाजूंना याहून हलक्या तोफा असत. गलबत हे याच घडणीचे पण लहान, क्वचितच ७० टनांहून मोठे असे. त्याच्या मुख्य डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड असे, मागची डोलकाठी नाममात्र असे आणि चाळीस ते पन्नास वल्ह्यांच्या बळावर ते तासाला चार मैल जाऊ शके. वजन कमी राहावे म्हणून पुष्कळ गलबतांचा वरचा मजला चिरलेल्या बांबूंचा असे.

या दोन नौकांचे सामर्थ्य त्यांच्या एकत्र वापरात होते. शत्रूचे जहाज दिसले आणि वारा पडलेला असला, तर गलबते वल्हवत गुराबांना दोराने ओढून नेत. गुराबा शत्रूच्या मागच्या बाजूला जमत, जेथे युरोपीय जहाजाच्या तोफा सर्वांत कमी असत, आणि नाळेच्या तोफांनी प्रथम त्याच्या डोलकाठ्या व शिडे तोडत. जहाज पांगळे झाले की माणसांनी भरलेली गलबते त्याला चहूकडून भिडत. १७३५ साली संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज पकडले, यावरून या पद्धतीचा परिणाम लक्षात येतो. चौकोनी शिडांचे जहाज वारा नसताना जागचे हलू शकत नाही, ही त्याची उणीव आंग्र्यांच्या दर्यावर्दींनी नेमकी हेरली होती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, जे अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिले गेले, हाच अनुभव राज्यनीतीच्या भाषेत मांडलेला आहे. वाऱ्यावाचून चालू न शकणारी थोर जहाजे न बांधता मध्यम आकाराच्या, वेगवान गुराबा बांधाव्यात, पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा, म्हणजे आरमाराची एक तुकडी, करावा, पावसाळ्यात आरमाराची छावणी किल्ल्याच्या आश्रयाने ठेवावी, असा उपदेश अमात्यांनी केला आहे. लाकूड तोडण्याविषयी त्यांनी घालून दिलेली मर्यादा विशेष मोलाची आहे. सागासारखी आरमारी उपयोगाची झाडे राज्याच्या अरण्यातून परवानगीने तोडावीत, परंतु रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेल्या आंबा-फणसांना तिच्या संमतीवाचून हात लावू नये, असे त्यात बजावले आहे.

या आरमाराची मर्यादाही त्याच्या आकारातच दडलेली होती. किल्ला, खाडी आणि किनाऱ्याचा वारा ही तीन साधने जवळ असेतोवर गुराब-गलबतांना तोड नव्हती, पण भर समुद्रात, जोराच्या वाऱ्यात, एका बाजूने डझनांवारी अवजड तोफा डागणाऱ्या जहाजांच्या ताफ्याशी त्यांना झुंजता येणे कठीण होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या नाविक ताफ्याने विजयदुर्गावर मारा केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांच्या आरमारात आग भडकली आणि किल्ल्याखाली एकत्र उभ्या असलेल्या नौका एकापाठोपाठ एक जळून गेल्या. या संहारात पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. ही मराठी सागरी इतिहासातील सर्वांत मोठी हानी आपल्याच राज्यकर्त्यांच्या संमतीने झाली, आणि तिचे दुःख इतिहासलेखनाने लपवण्याचे कारण नाही. पुढे पेशव्यांनी विजयदुर्गास आपले आरमार नव्याने उभारले आणि त्यात पाल, म्हणजे अनेक तोफांची मोठी युद्धनौका, हा प्रकारही समाविष्ट केला. एप्रिल १७८३ मध्ये पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळप यांनी रत्नागिरीनजीक इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज लढून जिंकले, यावरून दर्यावर्दींचे कौशल्य अद्याप शाबूत होते हे दिसते.

१८१८ मध्ये मराठी सत्ता संपल्यावर युद्धनौकांची गरज उरली नाही आणि कोकणची शिडे पूर्णपणे व्यापाराची व मासेमारीची झाली. एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यावर आगबोटी धावू लागल्यावर उतारू त्यांच्याकडे वळले, परंतु उथळ खाड्यांच्या आतल्या पेठा आणि घाई नसलेला अवजड माल दीर्घकाळ शिडांकडेच राहिला. स्वातंत्र्यानंतर मचव्यांत इंजिने बसली, रस्त्यांवरून मालमोटारी धावू लागल्या, खाड्यांत गाळ साचत गेला आणि त्याबरोबर जुन्या नावांचे नेमके अर्थही धूसर झाले. अठराव्या शतकात चाळीस-पन्नास वल्ह्यांची ठरावीक युद्धनौका असलेले गलबत नंतरच्या मराठीत कोणत्याही शिडाच्या नौकेचे सामान्य नाम बनले. त्यामुळे सतराव्या शतकातील कागदात आलेले नाव एकोणिसाव्या शतकातील वर्णनाच्या आधारे समजून घेतल्यास चूक होण्याचा संभव मोठा असतो.

म्हणून बखरीतील किंवा वखारीच्या पत्रातील नौकांची यादी वाचताना अभ्यासकाने प्रत्येक नावाला त्याचा काळ, त्याची खाडी आणि त्याचे काम जोडून पाहिले पाहिजे. मोठे जहाज श्रेष्ठ आणि लहान नौका कनिष्ठ, हे मोजमाप युरोपीय महासागरी युद्धातून आलेले आहे आणि कोकणच्या किनाऱ्यावर ते लागू पडत नाही. येथे सुताराने पठाण किती उचलायचे, तांडेलाने शीड कोणत्या प्रहरी चढवायचे आणि सरखेलाने, म्हणजे आरमाराच्या प्रमुखाने, लढाई कोठे करायची, हे तिघांचेही निर्णय खाडी आणि वारा यांच्या एकाच ज्ञानावर आधारलेले होते. हे ज्ञान लेखी शास्त्र म्हणून फारसे उरलेले नाही. ते सातपाटीपासून मालवणपर्यंतच्या जुन्या सुतारांच्या आणि कोळ्यांच्या स्मरणात, त्यांच्या शब्दांत आणि शिल्लक राहिलेल्या मोजक्या नौकांत आहे, आणि मराठी आरमाराचा इतिहास पूर्ण लिहावयाचा असेल, तर दफ्तरखान्यातील कागदांइतक्याच आस्थेने या कारागिरीची नोंद आजच केली जाणे आवश्यक आहे.